प्रेरणेचा तास आणि आठ महिन्यांची थकबाकी

गेल्या महिन्यात एका विद्यापीठात संशोधक विद्यार्थ्यांसाठी दिवसभराची कार्यशाळा झाली. विषय होता 'खडतर काळातील संशोधन आणि आत्मप्रेरणा'. हजेरी सक्तीची, कारण सही नसेल तर सहामाही प्रगती अहवाल पुढे सरकणार नव्हता. वक्ते बाहेरून आणलेले. कॉलरला माइक लावून येरझारा घालत त्यांनी आधी सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या, मग पडद्यावर बाबासाहेबांचं छायाचित्र आणलं आणि विचारलं, "यांनी कधी म्हटलं का, आज मूड नाही?" माझ्या शेजारी बसलेल्या मुलीची फेलोशिप आठ महिने आली नव्हती. शेवटी अभिप्रायाचे कागद वाटले: आजच्या कार्यक्रमातून आपणास कितपत प्रेरणा मिळाली, १ ते ५ पैकी गुण द्या. तिनं ८ लिहिलं आणि कागद पुढच्या रांगेत दिला.

त्या कार्यशाळेवरून आमच्या प्राध्यापक-संशोधकांच्या गटात दोन दिवस जुंपली. एका बाजूचं म्हणणं, ज्याला प्रेरणा लागते त्यानं संशोधनाच्या वाटेला जाऊच नये, आम्ही कंदिलावर अभ्यास केला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, प्रेरणा वगैरे सगळा भंपकपणा आहे, थकलेले पैसे खात्यावर येईपर्यंत प्रबंधाला हात लावू नका. दोन्ही बाजू हिरिरीनं भांडल्या आणि गंमत अशी की, दोघांचं गृहीत एकच होतं: प्रेरणा ही माणसाच्या आत भरलेली काहीतरी वस्तू आहे, ती असली तर काम होतं, नसली तर होत नाही. भांडण फक्त ती कुणी भरायची एवढ्यावरच. मला हे मुळातच पटत नाही. वाईट दिवसांत टिकलेलं अभ्यासाचं काम जवळून पाहिलं तर तिथं प्रेरणा फारशी सापडतच नाही. सापडते ती व्यवस्था. वेळेवर येणारा थोडा पैसा, आपल्या पानांची वाट बघणारं एखादं माणूस, आणि डोकं चालत नसतानाही हात करू शकतील असं तुकड्यातुकड्यांचं काम. यातला पैसा सरकारनं द्यायचा, माणूस विभागानं आणि मार्गदर्शकानं व्हायचं. तुकडे मात्र ज्याचे त्यानंच पाडावे लागतात, ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालता येत नाहीत.

पडद्यावर छायाचित्र आलंच आहे तर बाबासाहेबांचीच गोष्ट पूर्ण सांगू. १९१३ मध्ये ते अमेरिकेला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पुढे १९१६ मध्ये लंडनला पोचले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. सामानासोबत पाठवलेली पुस्तकं ज्या जहाजावर होती ते युद्धात बुडालं. बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तर जातीमुळे राहायला जागा मिळेना. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्रानं उसने दिले, तेव्हा कुठे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. लंडन विद्यापीठानं चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती, म्हणून जागा शिल्लक होती. १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंध सुधारून मागितला, तोवर पैसे पुन्हा संपले होते. ते मुंबईला आले, इथं बसून दुरुस्त्या केल्या, आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. आता मला सांगा, १९१७ ते १९२० या तीन वर्षांत बाबासाहेबांची प्रेरणा कमी पडली होती का? कमी पडले ते पैसे. जगातला सगळ्यात चिकाटीचा विद्यार्थी म्हणून ज्यांचं नाव आपण घेतो, त्यांचाही अभ्यास शिष्यवृत्ती थांबली की थांबला. व्याख्यानात अठरा तास अभ्यास आणि अर्धपोटी दिवस एवढंच येतं. साडेअकरा पौंड येत नाहीत, भथेना येत नाहीत, चार वर्षांची मुभा येत नाही.

आणि रमाबाईही येत नाहीत. येतात त्या 'त्यागमूर्ती' म्हणून, म्हणजे खर्चाच्या रकान्यात नाही. इकडे परळच्या चाळीत त्यांनी संसार ओढला तेव्हा तिकडे ग्रंथालयात अठरा तास शक्य झाले. पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव वाढले. प्रेरणेच्या प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी स्वयंपाक केलेला असतो. २०२० च्या टाळेबंदीत न्यूटनचा निरोप सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता: प्लेगमुळे १६६५ मध्ये केंब्रिज बंद पडलं, तो घरी गेला आणि घरबसल्या त्यानं जग बदललं, तुम्ही काय करताय? घर म्हणजे आईची शेतवाडी. त्या घरात भांडी कोण घासत होतं हे निरोपात नव्हतं. ज्या विद्यार्थिनींना तो निरोप आला त्यांतल्या निम्म्या जणी तेव्हा भांडीच घासत असणार.

समोरच्या बाजूचे मुद्दे हलके नाहीत, ते नीट घेतले पाहिजेत. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी पीएचडी करून पोरं काय दिवे लावणार असा प्रश्न केला आणि राज्यभर गदारोळ झाला. वाक्य उर्मट होतंच. पण त्यामागची शंका फक्त मंत्र्यांची आहे असं समजणं ही आपणच आपली केलेली फसवणूक. चावडीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत हीच शंका ऐकू येते. फेलोशिप घेऊन पाच वर्षं शहरात राहणारी, त्या काळात स्पर्धा परीक्षा देणारी आणि शेवटच्या सहा महिन्यांत कुठून तरी प्रबंध जमवणारी मंडळी आहेत. मला माहीत आहेत. त्यांच्या प्रबंधावर सही करणारे मार्गदर्शकही माहीत आहेत, आणि त्यांचं नाव घेतलं तर त्यातल्या दोघांच्या घरी मला दिवाळीला जाता येणार नाही. दुष्काळी तालुक्यात टँकर येत नसताना कुणी विचारलं की माझ्या कराच्या पैशातून या प्रबंधाचं काय झालं, तर तो प्रश्न अडाणी नाही.

पण त्या प्रश्नाला उशिरा पैसे देणं हे उत्तर कसं काय होतं? कामचुकाराला आठ महिने पैसे मिळाले नाहीत तर त्याचं काहीच बिघडत नाही, त्याचं काम बंदच होतं. बिघडतं ते भाड्याच्या खोलीत राहून अभिलेखागारात रोज जाणाऱ्याचं. उशीर हा चाळणीचं काम करतो हे खरं, फक्त ती चाळणी उलटी लावलेली असते: ज्याच्या घरी पैसा आहे तो वर राहतो, ज्याच्यासाठी ही योजना काढली तो खाली पडतो. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप घेणारी पोरं आझाद मैदानात बसली तेव्हा अनेकांना वाटलं, हे अभ्यास सोडून आंदोलनं करतात. अभ्यास आधीच सुटलेला होता, म्हणून ती तिथं होती. चुकारपणा पकडायचा तर दर सहा महिन्यांनी बाहेरच्या माणसासमोर लिहिलेली पानं ठेवायला लावा, सही-शिक्क्याचा अहवाल नको, पानं. आणि शेतकऱ्याच्या पैशाचं म्हणाल, तर रब्बीला ज्वारी पेरणाऱ्या कुणालाही मालदांडी या वाणाबद्दल विचारा. ती मोहोळच्या संशोधन केंद्रावर वर्षानुवर्षं ज्वारीची ताटं निवडत बसलेल्या माणसांच्या हातून आली. त्यांना कुणी दिव्यांबद्दल विचारलं असतं तर एका हंगामात दाखवण्यासारखं त्यांच्याकडेही काही नव्हतं.

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे. तो असा की सारखीच गैरसोय असलेल्या दोघांपैकी एक पूर्ण करतो, दुसरा करत नाही. मग फरक मनाचाच की नाही? आहे. मनाचा भाग असतो, नाही म्हणणं खोटं ठरेल. कमला सोहोनींचं उदाहरण घ्या. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, शेवटी वर्षभर प्रोबेशनवर घेतलं. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. हा हट्ट कुठल्या व्यवस्थेनं दिला नव्हता. पण आपण ही गोष्ट सांगतो कारण ती पूर्ण झाली. ज्यांना दारातूनच परत पाठवलं आणि ज्या परत गेल्या, त्यांच्यात हट्ट कमी होता असं कशावरून? त्यांची नावं कुठल्याच स्लाइडवर नाहीत. आणि कमलाबाईंच्या घरी वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले होते, हेही हट्टाच्या खात्यावर लिहायचं का?

थोडं स्वतःबद्दल लिहिते, कारण या वादात सगळे दुसऱ्यांच्याच प्रेरणेबद्दल बोलतात. माझा प्रबंध नीरा डाव्या कालव्यावर होता, विश्वेश्वरय्यांनी तिथं आणलेल्या, जमिनीचे गट पाडून पाणी द्यायच्या ब्लॉक पद्धतीपासून पुढची पाणीवाटपाची गोष्ट. नोंदणी केली, तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागले, आणि दुसऱ्या वर्षी सासूबाईंच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दर वेळी चार तास, जाण्यायेण्याचे वेगळे. पहिले तीन महिने मी दवाखान्याच्या बाकावर नुसती भिंतीकडे बघत बसले. पिशवीत पुस्तक असायचं, उघडलं की त्याच पानावर चार तास. मी तेव्हा प्रेरणादायी व्हिडिओही पाहिले, कबूल करते. ते संपले की आधीपेक्षा वाईट वाटायचं, कारण आता परिस्थितीबरोबर स्वतःचाही राग यायचा.

बदल झाला तो अगदी फुटकळ गोष्टीनं. पाटबंधाऱ्याच्या जुन्या वार्षिक अहवालांच्या झेरॉक्स माझ्याकडे पडून होत्या. एका बाकावरच्या दिवशी मी त्यातून एका वर्षाचे आकडे एका कार्डावर उतरवले: उसाखालचे एकर, पाणीपट्टीचा दर, वसूल किती, बाकी किती. त्याला डोकं लागत नाही. मशीनचा भोंगा वाजला की उठायचं, नर्सला सांगायचं, परत येऊन त्याच ओळीवर बोट ठेवायचं. एका बसकणीत तीन कार्डं व्हायची, कधी एक. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती उभी लावून ठेवली. दीड वर्षानं डबा भरला आणि तोच माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा पाया झाला. त्या दीड वर्षात मला एक दिवसही उत्साह वाटलेला आठवत नाही. आठवतात ते दोन माणसं. एक ग्रंथालयातले शिपाई, जे अहवालांचे गठ्ठे माझ्या नावाची चिठ्ठी खोचून बाजूला ठेवत, परत कपाटात जाऊ देत नसत. दुसरी माझ्याबरोबर नोंदणी केलेली मैत्रीण. दर शनिवारी रात्री नऊला फोन, आणि प्रश्न एकच, "किती?" सासूबाई कशा आहेत हे ती त्यानंतर विचारायची. उलट क्रमानं विचारलं असतं तर मी रडले असते आणि कार्डांचा विषय निघालाच नसता. तिला हे कसं कळलं, कोण जाणे.

हे माझं एकटीचं शहाणपण नाही. आपल्याकडची मोठी कामं अशीच झाली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक पोथ्या ताडून पाठ ठरवण्याचं काम १९१९ मध्ये हाती घेतलं आणि ते १९६६ मध्ये पुरं झालं, सत्तेचाळीस वर्षांनी. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लाखाची देणगी जाहीर केली तेव्हा सुरुवात झाली, म्हणजे पहिली पायरी इथंही पैशाचीच. रोजचं काम काय होतं? आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत श्लोकाचं एकेक अक्षर एकेका चौकोनात, आणि खाली एकेका पोथीतला फरक त्या त्या अक्षराखाली. बाराशेहून जास्त पोथ्या. यात प्रेरणेला शिरायला जागाच कुठे आहे? मुख्य संपादक विष्णु सीताराम सुखटणकर जानेवारी १९४३ मध्ये गेले, महायुद्ध चालू, कागदाची टंचाई, अर्ध्याहून जास्त पर्वं बाकी. काम त्यांच्या मनातल्या ज्योतीवर चाललेलं असतं तर ते तिथंच विझलं असतं. पण चौकोन आखलेले होते, पोथ्यांना क्रमांक दिलेले होते. बेलवलकर आले, त्यांच्यानंतर प. ल. वैद्य. ज्ञानकोशकार केतकरांनीही पीएचडी घेऊन आल्यावर देशप्रेमाच्या भरवशावर ज्ञानकोश काढला नाही. मर्यादित कंपनी काढली, वर्गणीदार जमवले, आणि १९२० ते १९२७ मध्ये तेवीस खंड उरकले. वर्गणीदाराला खंड वेळेवर हवा असतो, त्याला संपादकाच्या मनःस्थितीशी घेणं नसतं. हे फार उपकारक असतं.

आता जे माझ्याच बाजूचे आहेत त्यांच्याशी. पैसे येईपर्यंत प्रबंधाला हात लावू नका असं सांगणारे बहुतेक जण कायम नोकरीत आहेत, हे मी मोजलं आहे. संपाचं हत्यार तिथं चालतं जिथं काम थांबल्यानं मालकाचं नुकसान होतं. प्रबंध थांबला तर विद्यापीठाचं काय जातं? नोंदणीपासून सहा वर्षांची मुदत आणि पुनर्नोंदणीची दोन, हे घड्याळ फेलोशिपच्या थकबाकीसाठी थांबत नाही. आंदोलन करावं, जरूर करावं, मीही निवेदनावर सह्या केल्या आहेत. पण मैदानातून खोलीवर आल्यावर एक कार्ड लिहिलं म्हणून आंदोलन फितूर होत नाही. व्यवस्था वाईट आहे हे कळणं आणि आपला दिवस वाया घालवणं यांत काही नातं नाही. ते नातं जोडून देणारे लोक विद्यार्थ्याला दुसऱ्यांदा लुटतात, आणि तेही क्रांतीच्या भाषेत.

आणि एक गोष्ट दोन्ही बाजू बोलत नाहीत. सोडून देणं. कधी कधी ते बरोबर असतं. माझी ती शनिवारची मैत्रीण, तिनं चौथ्या वर्षी नोंदणी रद्द केली. मार्गदर्शक बदलले, नव्यांना विषयात रस नव्हता, घरी दोन मुलं, नवऱ्याची बदली. तिनं हिशेब मांडला आणि सोडलं. तिला कुणी प्रेरणेच्या कार्यशाळेत बसवलं असतं तर ती आणखी तीन वर्षं कुढत राहिली असती. आज ती एका साखर कारखान्यात हिशेबाचं काम बघते आणि पाणीपट्टीचे दर माझ्यापेक्षा अचूक सांगते. तिला अपयशी म्हणणाऱ्याला हातात कार्ड देऊन दवाखान्याच्या बाकावर बसवावं असं मला वाटतं. सोडून दिल्यावरही तिचा शनिवारचा फोन थांबला नाही, माझा प्रबंध जमा होईपर्यंत येत राहिला.

आता माझ्याकडे चार विद्यार्थी आहेत. शनिवारी दुपारी ते घरी येतात, शिवाय एक दुसऱ्या विभागाची मुलगी, तीच आठ गुण देणारी. नियम एवढाच की काहीतरी कागदावर आणायचं, तक्ता, तळटीप, खोडलेला परिच्छेद, काहीही. फेलोशिपचं काय झालं हे सुरुवातीच्या दहा मिनिटांत बोलून घ्यायचं, शिव्या घालायच्या असतील तर त्याच वेळात. गेल्या शनिवारी एकाकडे काहीच नव्हतं. गावाकडे सोयाबीन पावसात गेलं होतं, आठवडाभर तिकडे होता. तो दारातच थांबला, म्हणाला, "मॅडम, आज लिहिलेलं काही नाही, जाऊ का?" मी म्हटलं, बस. बाकीच्यांनी पानं वाचली, त्यानं ऐकली, एकीचा तक्ता चुकला होता तो त्यानंच पकडला. मग उठून ओट्यापाशी गेला आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. साखर जरा जास्तच झाली होती.